‘स्मारक तिकीट’ म्हणावं की ‘स्मृती तिकीट’?

प्रश्न असा आला आहे: ‘आजोबांचा टपाल तिकिटांचा संग्रह लावते आहे. कमेमोरेटिव्ह, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या निमित्ताने निघालेल्या तिकिटांच्या पाकिटावर मी “स्मारक तिकिटं” लिहिलं, तर भाऊ म्हणाला, स्मारक दगडाचं असतं, “स्मृती तिकिटं” लिही. कोण बरोबर? आणि सोव्हेनिअर शीटला स्मरणिका म्हटलं तर चालेल का?’

तुमचा शब्द बरोबर आहे. तारतो तो तारक, प्रेरणा देतो तो प्रेरक, तसं स्मरण करून देतं ते स्मारक. दगडाचा किंवा चौथऱ्याचा त्यात मुळात काही संबंध नाही. आपण पुतळे आणि समाध्या यांनाच हा शब्द इतका वापरला की आता कानाला तेवढंच ऐकू येतं.

‘स्मृती’ची अडचण मात्र खरी आहे. मराठीत एक फार सुंदर भेद आहे. हयात माणसाचा निघतो तो गौरवग्रंथ, गेलेल्याचा निघतो तो स्मृतिग्रंथ. हा भेद न शिकवताही आपण पाळतो. आजोबांच्या संग्रहात 1958 सालचं महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं 15 नये पैशांचं तिकीट आहे का बघा. ते निघालं त्यांच्या जन्मशताब्दीला, 18 एप्रिलला, आणि तेव्हा अण्णा स्वतः हयात होते! ते गेले 1962 मध्ये. विश्वेश्वरय्यांचं 1960 चं तिकीटही त्यांच्या हयातीतलंच. ही दोन तिकिटं ‘स्मृती’ लिहिलेल्या पाकिटात ठेवायला माझा तरी हात धजणार नाही. ‘गौरव तिकीट’ म्हणावं, तर गांधीजींच्या 1948 च्या तिकिटांना ते अपुरं पडतं. हत्येला सात महिनेही झाले नव्हते तेव्हा ती आली. शिवाय प्रत्येक तिकीट माणसाचंच असतं असंही नाही. 1953 चं दोन आण्यांचं तिकीट आपल्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेच्या शंभरीचं आहे. माणूस हयात असो, गेलेला असो, किंवा प्रसंग असो, सगळ्यांना सामावून घेणारा शब्द ‘स्मारक’च.

एरवी पुन्हा पुन्हा छापली जाणारी जी असतात, ती ‘नेहमीची तिकिटं’. त्यांना भारदस्त प्रतिशब्द शोधू नका. कोणाला ‘मुद्रांक’ सुचेल, पण तो शब्द आता दस्त-नोंदणीच्या कचेरीत स्थिरावला आहे. मुद्रांक शुल्क म्हटलं की घराचा व्यवहार आठवतो, पत्र नाही.

आता सोव्हेनिअर शीट, म्हणजे प्रसंगाच्या निमित्ताने मोठ्या कडेसह छापलेला तिकिटांचा छोटा कागद. त्याला ‘स्मरणिका’ नको. तो शब्द आपल्याकडे केव्हाच दिला गेला आहे: साहित्य संमेलनाची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, जाहिराती आणि शुभेच्छा छापलेलं ते पुस्तक. पाकिटावर तसं लिहिलंत, तर उघडणारा पुस्तकच शोधेल. ‘पत्रक’ही नको, कारण नव्या तिकिटाबरोबर माहितीपत्रक येतं आणि घोळ होईल.

संग्राहक बोलताना सरळ ‘मिनिएचर शीट’ किंवा नुसतं ‘मिनिएचर’ म्हणतात. भारताची पहिली अशी शीट 1973 च्या इंडिपेक्स या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने निघाली. तिकीट एक असो की चार, भोवती मोठी कड आणि कडेवर प्रसंगाचं नाव किंवा चित्र. या कडेला मराठीत नेमका शब्द आहे: समास. वहीच्या पानाला असतो तोच. आतलं तिकीट सुटं करून पत्राला लावता येतं, पण समास गेला की शीट गेली. म्हणून या शीट हाताळताना चिमटा वापरा, बोटांचा घाम डिंकाला लागू देऊ नका.

मला विचाराल तर पाकिटावर लिहा ‘स्मारक शीट, समासासह’. ‘शीट’ बदलायची गरज नाही, तो शब्द आता ‘तिकीट’इतकाच आपला आहे. आणि कर्व्यांचं तिकीट सापडलं, तर भावाला आधी ते दाखवा.