आर्गस सी-३ घेताय? मग एवढं बघा
हा जुना फिल्म कॅमेरा म्हणजे चांगली निवड आहे, बिनधास्त घ्या. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर, मिशिगनच्या आर्गस बनवणाऱ्या कंपनीने १९३६ मध्ये आर्गस ए हा कॅमेरा अवघ्या साडेबारा डॉलरला विकला आणि ३५ मिमी फिल्म सामान्य अमेरिकन घरांत पोचली. मला हा इतिहासच सगळ्यात मोलाचा वाटतो. सी-३ तर १९३९ ते १९६६ बनत होता, तोही लाखोंनी. ‘दुर्मिळ’ म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- शटर (फिल्मवर प्रकाश सोडणारी झडप) चढवायचा, म्हणजे फोटोसाठी सज्ज करायचा, खटका पुढेच असतो आणि फोटो काढताना परत फिरतो. बोट आड आलं की एक्स्पोजर (फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) बिघडतं.
- फिल्म सरकवणं वेगळं, शटर चढवणं वेगळं. सरकवायला विसरलात तर एकावर एक फोटो.

जादा लेन्स, उपमॉडेल्स नंतर. आधी एक रोल पूर्ण काढा.