झिलई चढत नाही

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, गिऱ्हाइकाला द्यायच्या दरपत्रकात ‘झिलई करणे’, ‘झिलई देणे’ आणि ‘झिलई चढवणे’ यांपैकी काय लिहावे, आणि ‘झिलया’ असे अनेकवचन चालेल काय. प्रश्नासोबत त्यांनी दरपत्रकाचा नमुनाही पाठवला आहे आणि माझी नजर त्यातल्या चौथ्या ओळीवर जी अडकली, ती अजून सुटलेली नाही. तिथे ‘मॅट झिलई’ असे छापले आहे. झिलई म्हणजे तकाकी आणि मॅट म्हणजे ज्याला तकाकी नाही ते. बिनसाखरेचा पाक म्हणावा, तसा हा प्रकार झाला. दोष एकट्या प्रश्नकर्त्यांचा नाही. लग्नपत्रिकांपासून द्राक्षांच्या खोक्यांपर्यंत जे जे छापले जाते, त्यावरच्या प्लास्टिकच्या पातळ थराला आमच्या गावात सर्रास झिलई म्हणू लागले आहेत, आणि ते ऐकताना दर वेळी माझ्या कपाळावर आठी पडते.

‘झिलई’चा ‘झळाळी’शी किंवा ‘झळकणे’शी काही संबंध नाही. तो लावणारे शब्दप्रेमी पुष्कळ आहेत आणि त्यांचा सगळा आधार एका ‘झ’वर आहे. मूळ शब्द अरबी ‘जिला’. गंजलेली तलवार किंवा मळलेला आरसा घासून लख्ख करणे, हा त्याचा अर्थ. त्याच धातूपासून ‘जलवा’ हा शब्द आला आहे, जो आपल्याला हिंदी गाण्यांमुळे नको इतका परिचित झाला असला, तरी मुळात नववधूचा बुरखा दूर करून तिचे मुख दाखवण्याशी निगडित आहे. म्हणजे झिलई आणि जलवा या सख्ख्या बहिणी असून दोघींचे काम एकच: वरचे झाकण काढून आतले तेज उघडे करणे. लग्नपत्रिकेवर प्लास्टिक चिकटवणारा मात्र पत्रिकेला बुरखा घालतो आणि त्यालाच मुखदर्शन म्हणतो.

कागदाची खरी झिलई घासण्याने येते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला होणाऱ्या हातकागदाला खळ लावून तो वाळवत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने घोटत, कारण न घोटलेल्या कागदावर बोरूची शाई फुटते. जुन्या पोथीचे पान उजेडाकडे तिरपे धरले, तर घोटणाऱ्याच्या हाताचे फराटे त्यावर अजून दिसतात. एक फराटा चमकतो आणि शेजारची बोटभर जागा, जिथे दगड पोहोचला नाही, मंद राहते. आजच्या कागद गिरणीतही तत्त्व हेच आहे. पोलादी रूळ आणि दाबलेल्या सुताचे किंवा कागदाचे मऊ रूळ एकावर एक रचतात, त्यांच्या चिमटीतून कागद जातो, आणि दाब व घर्षण यांनी त्याचा पृष्ठभाग सपाट होऊन चमकतो. कागदावर नवे काहीही बसत नाही. या क्रियेला मराठीत ‘घोटणे’ हा नेमका शब्द असताना ‘कॅलेंडरिंग’ म्हणत भिंतीवरच्या दिनदर्शिकेची आठवण करून देण्याचे कारण मला समजलेले नाही.

मग ‘चढवणे’ आले कोठून? याचे उत्तर माझ्या मते जुन्या नाशिकच्या तांबट लेनमध्ये आहे. ‘झिलई’चे मराठीत ‘जिल्हई’ असेही रूप आहे. अरबी ‘जिला’त शेवटी तसा ‘ह’ नाही, मग तो आला कसा? माझे अनुमान असे की, तो ‘कल्हई’तून आला. कल्हई हाही अरबी शब्द, ‘कलई’, म्हणजे कथील; आणि त्याचे नाते अभ्यासक मलाया द्वीपकल्पातील ‘कलह’ या बंदराशी जोडतात, कारण अरब प्रवासी त्याचे नाव कथलासाठी घेत. तांबट पातेले तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, धुराचा लोट उठतो आणि कथलाचा तुकडा वितळताच तो कापडाच्या बोळ्याने गरकन फिरवतो, की काळे पातेले रुपेरी होते. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या हे पाहिले, त्या गावाच्या मनात चकाकणारी वस्तू म्हणजे वरून काही लावलेली वस्तू, असे समीकरण बसले तर नवल नाही. माझ्या अनुमानाप्रमाणे कल्हईने जिल्हईला आपला ‘ह’ दिला आणि त्याबरोबर आपला अर्थही चिकटवला. यावर एका जाणकारांनी मला ‘ध्वनिसाम्याचा छंद’ असे हिणवले आहे. पण ‘ह’ कोठून आला, ते त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

चिनी मातीच्या बरणीवरचा लेप ही झिलईच ना, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे, पण ती झिलई भट्टीत वितळून मातीशी एकजीव होते आणि नखाने निघत नाही. छपाईवर दिलेले वार्निश, मग ते साधे असो की अतिनील दिव्याखाली क्षणात वाळणारे, तेही शाईला धरून बसते, म्हणून त्यालाही झिलई म्हणू द्यायला मी कुरकुरत का होईना, तयार आहे. लॅमिनेशनचे तसे नाही. पॉलिप्रॉपिलीनची साधारण १२ ते ३० मायक्रॉन जाडीची तयार फिल्म डिंकाने किंवा उष्णतेने छापील कागदावर चिकटवतात. मागच्या लग्नसराईत आलेल्या एका पत्रिकेची घडी जिथे मोडली होती, तिथे फिल्मचा कोपरा सुटला होता. मी तो चिमटीत धरून ओढला, तेव्हा फिल्मबरोबर गणपतीचा अर्धा मुकुटही निघून आला आणि खाली पांढरा कागद उरला. याला सोलणे म्हणतात, आणि सोलतात ती कातडी.

कातडीला अरबीत ‘जिल्द’ म्हणतात. पुस्तकाची बांधणी कातड्याची असे, म्हणून बांधणी ती जिल्द. कातडीवर फटके ओढणारा तो ‘जल्लाद’, हे याच धातूचे दुसरे अपत्य. ‘जिल्द’ आणि ‘जिला’ कानाला जवळचे वाटले, तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. परिभाषाकारांनी लॅमिनेशनसाठी ‘पटलन’ सुचवले आहे. तो शब्द मी एकाही छापखान्यात ऐकलेला नाही आणि ऐकला असता तर कोणाच्या तरी डोळ्यांवर पटल आले, असे समजून डॉक्टरांचा पत्ता दिला असता. ‘जिल्द’ मात्र तयार आहे, दोन अक्षरी आहे, आणि कातडी तुकतुकीत असते तशी निस्तेजही असते, म्हणून ‘मॅट जिल्द’ म्हणताना जीभ अडखळत नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी वार्निशच्या ओळीत ‘झिलई देणे’ लिहावे आणि फिल्मच्या ओळीत ‘जिल्द चढवणे’. अनेकवचनाचे राहिलेच: रजईचे ‘रजया’ होते, त्या न्यायाने ‘झिलया’ व्याकरणाला धरून आहे, पण चौथी ओळ दुरुस्त केल्यावर दरपत्रकात झिलई एकच उरेल.