जंगली मैना कुठे राहते आणि काय खाते?

नाशिकजवळ इगतपुरीकडे साळुंकीसारखा, पण डोळ्याभोवती पिवळं नसलेला पक्षी दिसला, तर ती बहुतेक जंगली मैना असावी. चोचीच्या मुळाशी कपाळावर उभ्या पिसांचा छोटा तुरा आणि आपल्याकडच्या जंगली मैनांचे निळसर डोळे, एवढं पाहिलंत की खात्री पटेल.

नाव जंगली असलं तरी घनदाट रानापेक्षा तिला रानाची कड, पाण्याजवळची झाडी आणि भातखाचरं जास्त मानवतात. म्हणून नाशिक शहरापेक्षा इगतपुरी-त्र्यंबकचा पट्टा धुंडाळा. घरटं झाडाच्या ढोलीत. ढोली ती स्वतः कोरत नाही, तयार मिळालेली वापरते. त्यामुळे जुनी, पोकळ झाडं तोडू नका हो!

खाण्यात किडे, वड-उंबराची फळं, बिया. चरणाऱ्या गुरांच्या पायांमुळे उडणारे नाकतोडे ती टिपते, गुरांच्या अंगावरच्या गोचिड्याही खाते. पण तिला खरी पाहावी ती काटेसावर आणि पांगारा फुलल्यावर. मधासाठी फुलात डोकं घातलं की तो तुरा परागांनी माखतो, आणि तसंच ती पुढच्या झाडावर जाते. परागीभवनाचं मोठं काम होतं ते असं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी फुललेल्या सावरीखाली थांबा.