विचारून जा

प्रिय मुली,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. इथे आयर्लंडमध्ये, केशकोरन डोंगराच्या पायथ्याला फाटकावरची पाटी बघून तू मागे फिरलीस. आता त्याचाच राग येतोय, आणि गुपचूप आत शिरायला हवं होतं का, असंही वाटतंय. "सह्याद्रीत आपल्याला कधी कोणी अडवलं नाही," असं लिहिलंयस. अगं, ज्यांच्या भातखाचरातून आपण बूट घालून गेलो, ते शेतकरी भिडेखातर गप्प राहिले. आपण कधी विचारलं? मी तरी नाही.

आयर्लंडमध्ये डोंगरांवर मोकळं फिरायचा हक्क कायद्याने मिळालेला नाही. शेजारच्या स्कॉटलंडने तो २००३ मध्ये दिला. इथे १९९५ च्या कायद्याने फिरायला आलेल्यांबाबत जमीनमालकाची जबाबदारी हलकी केली: मुद्दाम इजा करायची नाही, सुरक्षेबाबत अगदी बेपर्वा वागायचं नाही. तरी कोणी घसरून पडलं तर आपल्यावर दावा लागेल, ही धास्ती शेतकऱ्याच्या मनात असतेच. म्हणून विचारून जा. कोणीतरी इंटरनेटवर टाकलेला जीपीएस ट्रॅक म्हणजे परवानगी नव्हे. तो माणूस तरी विचारून गेला होता का, हे तुला काय ठाऊक?

केशकोरन फक्त ३५९ मीटरचा. तुझ्या पायांना तो जड जाणार नाही. पण त्या डोंगराची गोष्ट ऐकलीयस का? पश्चिमेच्या कड्यातल्या ज्या गुहा रस्त्यावरून काळ्या दिसतात, तिथेच कॉर्मक मॅक आर्ट या राजाला तान्हेपणी लांडगिणीने वाढवलं म्हणतात. ती गोष्ट सगळे सांगतात. मला दुसरी जवळची वाटते. आयरिश दंतकथांमधला वीर फिन मॅक्कूल माथ्यावर बसला होता आणि त्याचे कुत्रे खाली शिकार उठवत होते. डोंगराचा धनी कोनारन त्या भुंकण्याने चिडला. त्याने आपल्या तीन मुलींना सूड घ्यायला पाठवलं. त्या गुहेच्या तोंडाशी हॉली नावाच्या काटेरी पानांच्या झाडाच्या वाकड्या काठ्यांवर उलट्या दिशेने सूत गुंडाळत बसल्या. त्या सुताला हात लागताच फिनच्या अंगातली ताकद गेली, एकेक करून सगळे वीर बांधले गेले, आणि त्यांच्यातलाच गोल मॅक मोर्ना हा वीर आला म्हणून वाचले. एवढा मोठा फिन, पण दुसऱ्याच्या डोंगरावर न विचारता कुत्रे सोडले होते त्याने. इथे मेंढ्यांच्या डोंगरावर कुत्रा नेऊ देत नाहीत, तेव्हा मला हीच गोष्ट आठवते.

आता माझं ऐक. हे मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, दुसऱ्याच एका टेकडीवर मी न विचारता गेले. फाटक निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेलं होतं, गवताचे भारे बांधतात तसल्या. येताना बोटं गारठली होती. दोरी खांबाला नुसती अडकवली, गाठ मारली नाही. गाडीत बसल्यावर आरशात पाहिलं तर दोन मेंढ्या आणि त्यांची पिल्लं रस्त्यावर. मी थांबले नाही. पुढच्या वर्षी तिथे काटेरी तार होती. ती वाट माझ्यामुळे सगळ्यांची गेली.

तेव्हापासून मी हट्टी झाले. एकदा शेतावर कोणी भेटलं नाही म्हणून अकरा जणांना पायथ्यावरून परत आणलं. अजून बोलणी खाते त्याबद्दल. खाऊ देत! मी बरोबर होते, आजही तेच करेन. विचारून जा, आणि विचारायला कोणी नसेल तर परत ये. तू परत आलीस यात लाज कसली? चुकलीस ती एवढ्यातच, की शंभर पावलांवरच्या घराचं दार वाजवलं नाहीस. परकी म्हणून ते तुला हाकलतील ही भीती तुझी तूच घरून नेली होतीस. कुठून चढणार, कितीजण, कधी उतरणार, कुत्रा नाही, एवढं सांगायचं. फाटक बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. आणि गुहांवरून सरळ माथ्याकडे चढू नकोस, तिथलं ओलं गवत फार उभं आहे. कुठून जावं तेही त्यांनाच विचार.

जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे गुहांपाशी जमायची जुनी रीत आहे. त्याआधी एका शनिवारी तू आणि मी जाऊ. गाडी मी चालवेन. दार तू वाजवायचंस, मी मागे फाटकाशी उभी राहीन.

तुझी,
मावशी