बेसमेंटमधली ड्रायवॉल स्वतः लावणं नवख्याला जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत घर घेतलंय, बेसमेंटमध्ये फ्रेमिंग (भिंतींचा लाकडी सांगाडा) आणि वायरिंग करून झालंय, पण त्यावर ड्रायवॉल, म्हणजे भिंती-छताचे जिप्समचे बोर्ड, लावून घ्यायच्या खर्चाचा आकडा ऐकून डोळे पांढरे झालेत. हातात स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे कधी काही धरलेलं नाही. मग स्वतः करावं का?

मी न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हेच केलं. साधारण ६०० चौरस फुटांचं बेसमेंट, भिंती आणि छत दोन्ही. तेव्हा हे उत्तर कारागिराचं नाही, ठेच खाल्लेल्या माणसाचं आहे. शीट लावणं तुम्हाला जमेल. सांधे भरणं जमायला वेळ लागेल, आणि ते शिकणं तुमच्याच भिंतींवर होईल. ही दोन निरनिराळी कामं आहेत. इथल्या धंद्यातसुद्धा शीट लावणारे हँगर वेगळे आणि सांधे भरणारे टेपर वेगळे असतात. नवखा माणूस घाबरतो पहिल्याला आणि फसतो दुसऱ्यात.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. पहिली शीट बघून तिनं टिचकी मारली आणि म्हणाली, "पुठ्ठ्याची भिंत?" तसं ते खरंच आहे. दोन जाड कागदांमध्ये जिप्समचा थर, बास. पण जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी. आग लागली तर आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि तोवर मागचं लाकूड तगतं. ऑगस्टिन सॅकेटनं १८९४ साली कागद आणि जिप्समच्या अशा बोर्डाचं पेटंट घेतलं, १९१७पासून ते 'शीटरॉक' या नावानं विकलं जाऊ लागलं. तरी लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा मागे पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, घरं झपाट्यानं उभी करायची होती तेव्हा, कारण गिलावा वाळायलाच आठवडे जायचे. वेळ वाचवायला आलेल्या या वस्तूनं माझे सात वीकेंड खाल्ले, ते सोडा.

भिंती बंद करण्याआधी गावच्या बिल्डिंग खात्याचं इन्स्पेक्शन झालंय ना, ते बघा. फ्रेमिंग, वायरिंग, प्लंबिंग, इन्सुलेशन हे सगळं उघडं असताना तपासलं जातं. ते न करता शीट लावल्या तर उद्या त्या काढायला सांगतील, आणि घर विकताना पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. दुसरं, प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, फोटोत मोजपट्टी दिसेल असा. मागच्याच महिन्यात टीव्ही टांगताना वायर नेमकी कुठून गेलीय ते मला त्या फोटोतच सापडलं. कोणता व्हॉल्व्ह भिंतीआड जातोय तेही बघा आणि तिथे उघडता येणारं दार ठेवा.

आता माझी पहिली घोडचूक, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. शीट ४ बाय ८ फुटांच्या मिळतात, तशा ४ बाय १२च्याही मिळतात. मोठी शीट म्हणजे कमी सांधे, एवढं मी वाचलं होतं. म्हणून १२ फुटी मागवल्या. ट्रकवाल्यांनी त्या गॅरेजमध्ये व्यवस्थित रचून दिल्या आणि निघून गेले. आमच्या बेसमेंटच्या जिन्याला मध्ये वळण आहे. १२ फुटी शीट त्या वळणावर वळत नाही. तिरकी करून, उभी करून, मित्राला शिव्या घालून, सगळं करून पाहिलं. शेवटी बहुतेक शीट परत केल्या आणि ८ फुटी आणल्या. त्यामुळे छतावर शीटच्या आखूड कडांचे सांधे जवळजवळ दुप्पट झाले. तुम्ही आधी जिना मोजा. शीटच्या लांबीची एखादी पट्टी घेऊन ती वळणावरून फिरवून बघा.

जाडी अर्धा इंच पुरते. फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) खोलीसाठी किंवा गावच्या नियमात मागितलं असेल तिथे पाच-अष्टमांश इंचाची, आगीत जास्त टिकणारी, दुकानात 'फाइव्ह-एट्थ टाइप एक्स' म्हणायचं. हलक्या प्रकारची अर्धा इंची ८ फुटी शीट ४० पौंडांच्या आसपास भरते, पाच-अष्टमांशची सत्तरेक. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, जिन्यात नाही.

सुरुवात छतापासून. त्यासाठी शीट उचलणारी लिफ्ट भाड्यानं मिळते, चाकांचा तिपाई सांगाडा आणि हातानं फिरवायचं चाक. एका दिवसाचे चाळीस-पन्नास डॉलर गेले असतील, पण तेवढ्यात मान आणि मैत्री दोन्ही वाचल्या. डोक्यावर शीट धरून स्क्रू मारायचा मर्दपणा करू नका. शीट चढवण्याआधी छतातले जॉइस्ट (आडव्या लाकडी तुळया) कुठे आहेत त्याच्या खुणा भिंतीच्या वरच्या लाकडावर पेन्सिलीनं करून ठेवा, कारण एकदा शीट चढली की मागचं काही दिसत नाही.

छतानंतर भिंतीची वरची रांग, मग खालची. शीट आडवी लावायची. खालची शीट जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, पायाखाली दाबायची पत्र्याची छोटी तरफ मिळते तिनं उचलून धरता येते. बेसमेंटच्या काँक्रीटला ओल असतेच, आणि कागद टेकला की तो दिव्याच्या वातीसारखी ती वर ओढतो. ती फट पुढे बेसबोर्डखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते.

कापणं सर्वात सोपं निघालं. दर्शनी बाजूचा कागद सुरीनं एका रेघेत चिरायचा, मागून गुडघ्याचा हलका दणका, जिप्सम कटकन मोडतो, मग मागचा कागद कापायचा. करवत फक्त खाचांसाठी. दाराच्या चौकटीशी मात्र एक गोष्ट पाळा. दोन शीटचा सांधा दाराच्या कोपऱ्याच्या रेषेत येऊ देऊ नका. पूर्ण शीट दारावरून जाऊ द्या आणि दाराचा भाग नंतर कापून काढा. दार रोज आपटतं, सांधा तिथे असला की वर्षभरात तिरकी भेग उमटते. विजेच्या डब्यांसाठी मोजमाप दोनदा घेऊनही माझं अर्ध्या इंचानं चुकायचं. मग डब्याच्या कडांना लिपस्टिक लावून शीट दाबली, मागे छाप उमटला, तिथे कापलं. लिपस्टिक बायकोची होती, त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

स्क्रू सव्वा इंची, जाड आट्यांचे. छताला १२ इंचांवर, भिंतीला १६ इंचांवर. डोकं कागदाच्या पातळीखाली किंचित दबलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. शीट धरून ठेवतो तो कागदच. कागद फाटला तर तो स्क्रू मेला असं समजा, काढून टाका आणि शेजारी दुसरा मारा. ड्रिलला लावायचं एक बिट मिळतं, ठराविक खोलीवर आपोआप सुटणारं. ते घ्याच.

इथवर तीन वीकेंड लागले. मित्राला बिर्याणी खाऊ घातली, स्वतःची पाठ थोपटली, आणि मग खरं काम सुरू झालं.

सांध्यात भरायच्या जॉइंट कंपाउंडला इथे सगळे मड म्हणतात. आपल्याकडे रंगारी लांबी भरतात तसाच प्रकार, फक्त सगळा खेळ सांध्याचा. शीटच्या लांब कडा थोड्या उतरत्या असतात, त्यामुळे दोन लांब कडा भेटल्या की उथळ पन्हळ तयार होते आणि सांध्यावर चिकटवायची टेप आणि मड त्यात मावतं. आखूड कडांना मात्र तो उतार नसतो. तिथे टेप लावली की उंचवटा होणारच. तो पुसता येत नाही, दोन्हीकडे मिळून दोन-अडीच फूट मड इतकं पातळ पसरत न्यायचं की डोळ्याला चढ कळू नये. माझ्या छतावर असे सांधे का जास्त होते, ते वर सांगितलंच आहे. नंतर कळलं की हा सांधा जॉइस्टवर न घेता दोन जॉइस्टच्या मध्ये घेऊन, मागून प्लायवूडची पट्टी देऊन किंचित आत ओढून घेता येतो, म्हणजे पन्हळ आपणच तयार करायची. हे आधी कळायला हवं होतं.

टेप कागदाची घ्या. जाळीची चिकट टेप सोपी वाटते, पण तिच्यावर पहिला हात पावडरचं, पाणी घालून घट्ट होणारं मड लागतं, साधं बादलीतलं नाही, नाहीतर पुढे भेगा. पावडरच्या पोत्यावर २०, ४५, ९० असे आकडे असतात, तेवढ्या मिनिटांत ते आवळतं. मी शहाणपणा करून २०चं आणलं. अर्धा सांधा होईतो भांड्यातलं मड कोमट झालं आणि पुढच्या पाच मिनिटांत भांड्यासकट दगड. फटी बुजवायला ९०चं आणा, बाकी सगळं बादलीतलं वापरा.

बादलीतलं मड उघडल्यावर चक्क्यासारखं घट्ट असतं. तसंच ओढायला गेलात तर चरे पडतात. टेपसाठी थोडं पाणी घालून श्रीखंडाइतकं सैल करायचं, शेवटच्या हातासाठी दहीवड्यावरच्या घोटलेल्या दह्याइतकं. टेपखाली मड सगळीकडे हवं, जिथे कोरडं राहील तिथे दुसऱ्या दिवशी फुगा येतो. मग तो कापून पुन्हा भरायचा. पहिला हात ६ इंची पात्यानं, दुसरा १० इंची, तिसरा १२ इंची. दर वेळी थर पातळ आणि पट्टा रुंद.

नवखे लोक इथेच फसतात, मीही फसलो. वाटतं की भरपूर थापू आणि मग घासून सपाट करू. घासून भिंत सपाट होत नाही. घासणं फक्त पात्याच्या कडेनं राहिलेल्या रेघा काढण्यासाठी. जो खड्डा किंवा उंचवटा पात्यानं गेला नाही तो पॉलिश पेपरानं जात नाही, उलट शेजारच्या शीटचा कागद खरवडून तिथे लव उभी राहते आणि रंगाखाली ती दिसते. पातं टेकवताना बाहेरच्या कडेवर जरा जास्त दाब द्या, म्हणजे मडची कड शून्यावर येते. आतल्या कोपऱ्यात एका दिवशी एकच बाजू करा. दोन्ही एकदम करायला गेलं की ही नीट करताना ती खरवडली जाते, अगदी प्रत्येक वेळी. बाहेरच्या कोपऱ्यांना धातूची किंवा प्लास्टिकची कोपरपट्टी असते, ते सोपं आहे.

पात्यावर वाळलेलं मड पुन्हा बादलीत टाकू नका. त्यातला ज्वारीएवढा खडा पुढच्या चार फुटांवर ओरखडा काढत जातो. आणि दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. ओलं मड करडं दिसतं, वाळलं की पांढरं. बादलीवर २४ तास लिहिलेलं असतं, आमच्या तळघरात जुलैमध्ये डीह्युमिडिफायर चालू ठेवूनही दोन दिवस लागले.

घासण्याआधी बेसमेंटमधली एसीची परतीच्या हवेची जाळी प्लास्टिकनं बंद करा. मी विसरलो. संध्याकाळी वर गेलो तर देवघरातल्या बाळकृष्णावर पांढरी पूड, आणि आई शांतपणे फडकं घेऊन उभी. ती काही बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. एन-९५ मास्क लावा. साधा व्हॅक्यूम वापरू नका, बारीक पूड त्याच्या फिल्टरमधून आरपार निघून खोलीभर पसरते, त्यासाठी वेगळी पिशवी आणि फिल्टर येतो. पॉलिश पेपर १५० नंबरचा. घासताना टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा, समोरून पाहिलं तर सगळ्या भिंती छान दिसतात. छोट्या जागी ओला स्पंज फिरवला तर धूळ होतच नाही, कोपऱ्यांना मी शेवटी तेच केलं.

रंगाआधी ड्रायवॉलचा पीव्हीए प्रायमर, म्हणजे अस्तराचा एक हात, लागतो. मड आणि कागद रंग वेगवेगळा शोषतात, प्रायमर नसेल तर प्रत्येक सांधा पट्ट्यासारखा उमटतो. छताला चमक नसलेलाच रंग द्या. पुष्कळ पापं त्यात झाकली जातात.

हिशेब सांगायचा तर पन्नासच्या आसपास शीट, चार बादल्या मड, हत्यारं आणि लिफ्टचं भाडं धरून मला कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी खर्च आला. पण त्यांची टोळी हे आठवड्यात उरकून मोकळी झाली असती. तुमच्या जागी मी असतो तर शीट सगळ्या स्वतः लावल्या असत्या, भिंतींचे सांधे स्वतः भरले असते, आणि छताच्या सांध्यांपुरता टेपर बोलावला असता. शीट लागलेल्या असतील तर नुसतं टेपिंग करून देणारे लोक मिळतात, विचारून बघा. सराव हवा असेल तर जिन्याखालच्या कपाटापासून सुरुवात करा, तिथे कोण बघतंय.

आमच्या बेसमेंटला पश्चिमेला एक छोटी खिडकी आहे, अगदी छताला लागून. हिवाळ्यात साडेतीन-चारला तिच्यातून ऊन आडवं येतं आणि छतावरचे ते आखूड सांधे एकेक करून दिसायला लागतात. सहा आहेत. मी आता तिथे पडदा लावलाय.