नवे स्पीकर, ॲम्प, सबवूफर सगळं बसवलं, तरी गाडीतला आवाज घुमतो, गाणं दारातून ऐकू येतं, आवाज वाढवला की कान किटतात आणि इंजिनाबरोबर शिट्टी येते. ट्यूनिंग कसं करू?

तुमच्या चार तक्रारी आहेत. गायकाचा आवाज तुमच्याच बाजूच्या दारातून येतो, बास घुमतो, आवाज वाढवला की कान किटतात, आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बारीक शिट्टी ऐकू येते. यातल्या एकीचंही मूळ स्पीकरमध्ये असेल असं मला वाटत नाही, त्यामुळे आणखी महागडा सेट घ्यायचा विचार तूर्त सोडा. पुढच्या दारांत कॉम्पोनंट स्पीकर (मोठा स्पीकर आणि बारीक, वरच्या आवाजांचा ट्वीटर वेगवेगळे असलेला सेट), डिकीत सबवूफर आणि डीएसपी (डिले, फिल्टर, इक्वलायझर लावू देणारा डिजिटल प्रोसेसर) असलेला ॲम्प एवढं सामान चांगलं वाजायला पुरतं. फक्त इक्वलायझरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. बहुतेक जण पहिल्याच दिवशी बास वर, ट्रेबल वर करून बसतात आणि मग महिनोन् महिने त्या पट्ट्या खालीवर करत राहतात. दुखणं दारात किंवा वायरिंगमध्ये असताना हे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

आधी सगळं शून्यावर आणा. हेड युनिटचे (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचे) बास-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, गाडीच्या वेगाप्रमाणे आवाज आपोआप वाढवणारी सोय असेल तर तीही बंद. फोनमधला इक्वलायझर बंद करा. ब्लूटूथने ऐकत असाल तर फोनचा आवाज पूर्ण ठेवा, पण ट्यूनिंगपुरती तरी गाणी पेन ड्राइव्हवरून लावलेली बरी. मागच्या दारांतले स्पीकर काम संपेपर्यंत बंदच राहू द्या.

मग पोलॅरिटी, म्हणजे स्पीकरच्या प्लस-मायनस वायरींची जोडणी. दोन्ही दारांपैकी एकाच्या वायरी उलट जोडल्या असतील तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. तपासायची सोपी रीत अशी: सबवूफर बंद करा, भरपूर बास असलेलं गाणं लावा, बॅलन्स मध्यावर ठेवा आणि डीएसपीमधून एका दाराची पोलॅरिटी उलटी करून बघा. ज्या स्थितीत बास भरीव वाटेल ती बरोबर. दोन मिनिटांचं काम, पण बसवून देणाऱ्यांकडूनही ही चूक सर्रास होते.

आता दार. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. स्पीकरचा पडदा पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागे, पण उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार. घरच्या स्पीकरला खोका असतो, म्हणून मागचा आवाज आत कोंडून राहतो. गाडीत तो खोका म्हणजे दार, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं असतात. मागचा आवाज त्यातून पुढे येतो आणि बास खाऊन टाकतो. म्हणून पॅनल काढून ती भोकं झाका, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग (थरथर शोषणारी) शीट लावा, स्पीकर पातळ प्लास्टिकवर न बसवता घट्ट रिंगवर बसवा आणि रिंग व पॅनल यांच्यातल्या फटीत फोमची पट्टी द्या. शीटने सगळा पत्रा मढवायची गरज नाही. बोटाने टिचकी मारा, ‘टण्ण’ ऐवजी ‘ठप्प’ वाजलं की पुरे. मात्र दाराच्या तळाशी पाणी निघून जायची बारीक छिद्रं असतात, ती चुकूनही बुजवू नका. पाणी साठून दार सडेल.

ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण असा समज फार पसरलेला आहे. हेड युनिटकडून येणारं व्होल्टेज ॲम्पने किती पटींनी वाढवायचं, एवढंच गेन ठरवतो. तो गरजेपेक्षा जास्त ठेवला की ॲम्प आपल्या मर्यादेला लवकर आपटतो, लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि तुम्हाला जाणवतं ते कान किटणं. ट्वीटर जळतात तेही बहुधा असेच. साध्या मल्टीमीटरने गेन लावता येतो. ॲम्पची खरी आरएमएस (सतत देता येणारी) पॉवर घ्या, तिला स्पीकरच्या ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. ५० वॉट आणि ४ ओहम असतील तर २०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १४.१ व्होल्ट. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून काढून ठेवा, गेन किमान करा, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांशापर्यंत न्या, १००० हर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटला एसी व्होल्टेज मोजत तो आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. सबवूफरसाठी टोन ५० हर्ट्झचा घ्या. ॲम्पवर ‘बास बूस्ट’ असेल तर शून्यावर. लहर खरंच कापली जाते का, हे मल्टीमीटर सांगत नाही, त्याला लहरीचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. पण या हिशेबाने तुम्ही सुरक्षित बाजूला राहता. हे करताना इंजिन सुरू ठेवणार असाल तर गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको.

क्रॉसओव्हरबद्दल, म्हणजे कोणत्या स्पीकरला कोणता पट्टा द्यायचा ते ठरवणाऱ्या फिल्टरबद्दल, फार खल करू नका. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय पास (त्याच्या वरचंच जाऊ देणारा), सबवूफरला ८० चाच लो पास (खालचंच जाऊ देणारा), दोन्हीकडे उतार २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. फिल्टरच्या प्रकारात पर्याय असेल तर लिंकविट्झ-रायली निवडा. ट्वीटर सेटसोबत आलेल्या पॅसिव्ह क्रॉसओव्हरवर (वायरीत जोडायच्या छोट्या डबीवर) असतील तर त्यांना हात लावू नका. थेट ॲम्पवर असतील तर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच फिल्टर ठेवा आणि तो लावल्याशिवाय ट्वीटर जोडूच नका. बास मागून येतोय असं वाटत राहिलं तर आधी डिकीतला खडखडाट शोधा. ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, पण नंबर प्लेट थरथरली की लगेच कळतं.

आता दारातून येणाऱ्या गायकाकडे वळू. गाडीत आपण कधीच मध्यावर बसत नाही. समजा, जवळचं दार तुमच्या डोक्यापासून ९० सेंटीमीटरवर आहे आणि लांबचं १४० वर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटरच्या आसपास. त्यामुळे लांबच्या दाराचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला हे काहीच नाही. पण अगदी एका बाजूने आलेला आवाजसुद्धा आपल्या दोन कानांवर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांच्या फरकाने पडतो. मेंदू दिशा ठरवतो ती एवढ्याशा फरकावरून, आणि इथे फरक त्याच्या दुप्पट आहे. तो निःशंकपणे निकाल देणार: गायक दारात बसलाय!

उपाय डीएसपीतल्या डिलेचा, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याचा. हेडरेस्टच्या मध्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेपने अंतर मोजा. सबवूफर १८० सेंटीमीटरवर, म्हणजे सगळ्यात लांब असेल, तर त्याला शून्य. लांबच्या दाराला ४० सेंटीमीटर थांबवायचं, म्हणजे १.१७ मिलिसेकंद, जवळच्याला ९० सेंटीमीटर, म्हणजे २.६२. ट्वीटर वेगळ्या चॅनलवर असतील तर त्यांचा हिशेब वेगळा. त्यानंतर एखाद्या पुरुषाचं साधं बोलणं मोनोमध्ये लावा, डोळे मिटा आणि आवाज डॅशबोर्डच्या मध्याकडून येईपर्यंत एका बाजूचा डिले थोडा थोडा बदला. पहिल्यांदा तो जागेवर येतो तेव्हा दारातले स्पीकर अक्षरशः गायब होतात. या छंदात लोक अडकतात ते बहुधा त्या क्षणामुळेच.

सबवूफरला मात्र टेप पुरत नाही, कारण लो पास फिल्टर स्वतःच आवाज मागे खेचतो. तिथे एक युक्ती चालते. सबवूफरची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा, ८० हर्ट्झचा टोन लावा आणि डिले असा शोधा की आवाज सगळ्यात क्षीण होईल. मग पोलॅरिटी सरळ करा. सबवूफर पुढे आणायचा झाला तर बाकीच्या सगळ्यांना सारखाच डिले वाढवा. जमून आलं की बास डिकीतून उठून पुढच्या काचेखाली येतो.

साधारण १५०० हर्ट्झच्या वर कान वेळेपेक्षा दोन बाजूंच्या जोरातल्या फरकाकडे अधिक बघतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलेली ही गोष्ट इथे जशीच्या तशी कामी येते: डिले लावूनही झांजा तुमच्याच बाजूला ओढल्या जात असतील तर जवळचा ट्वीटर २-३ डेसिबल कमी करा. हे सगळं एकाच सीटसाठी असतं. शेजारी बसणाऱ्याला आवाज आधीपेक्षा वाईट वाटेल, म्हणून डिले नसलेला दुसरा प्रीसेट (सेटिंगचा संच) साठवून ठेवा. घरच्यांचे टोमणे टळतील.

एवढं झाल्यावर इक्वलायझर. पिंक नॉइज (सगळे पट्टे असलेला, चाचणीसाठीचा खरखराट) लावा, लॅपटॉपवर मोफत मिळणारं, आवाजाचा आलेख दाखवणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर घ्या आणि मापनाचा माइक डोक्याच्या जागी हळूहळू फिरवत सरासरी घ्या. एका जागी धरलेला माइक फसवतो. फोनच्या माइकवर चालवायचं तर खालच्या बासचे आकडे खरे मानू नका. आधी फक्त डावी बाजू, मग फक्त उजवी, दोन्ही एकमेकींसारख्या दिसेपर्यंत काम करा, मग एकत्र. आलेखातले उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका. परावर्तनामुळे आवाज एकमेकांना खातो तिथे खड्डा पडतो, त्यात कितीही ओतलं तरी भरत नाही. शिवाय ३ डेसिबल वाढवायचे तर ॲम्पला दुप्पट पॉवर लागते, १० वाढवायचे तर दहापट. घुमणं बहुतेक वेळा १०० ते २५० हर्ट्झमध्ये सापडतं आणि कान किटणं २ ते ४ हजारांत, कारण कानाची संवेदनशीलता तिथेच सर्वाधिक असते आणि पुढची काचही तोच आवाज तोंडावर फेकते.

आलेख सपाट करायचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. सपाट केलेली गाडी कोरडी आणि टोचरी वाजते. ६०-८० हर्ट्झच्या खाली ६ ते १० डेसिबल चढ, मधला पट्टा जवळपास समतल आणि वर हळुवार उतार, हा आकार बहुतेकांना आवडतो. शिवाय टायर आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्ट्यातला असतो, तो चालत्या गाडीत बास झाकतो. उभ्या गाडीत बास थोडा जास्त वाटला तरी लगेच कमी करू नका, आधी नेहमीच्या वेगाने एक फेरी मारून या.

राहिली शिट्टी. ॲम्पमधून आरसीए केबल (हेड युनिटकडून सिग्नल आणणारी) काढून बघा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलमधून येतेय: आरसीए आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने नेली असेल तर वेगळ्या करा, हेड युनिटचं अर्थिंग तपासा. थांबली नाही तर ॲम्पचं अर्थिंग बघा. ते जिथे कसलंय तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आखूड वायरने घट्ट बसवा. आणि बॉनेट उघडलंच आहे तर बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरात फ्यूज आहे ना तेही बघून घ्या. नसेल तर तो बसेपर्यंत ॲम्पची पॉवर वायर बॅटरीवरून काढून ठेवा.