खून चौकटीबाहेर राहू दे

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. खुनाच्या प्रसंगात चाकू, रक्त आणि किंकाळ्या यांचे इतके बारकावे आहेत, की मरणारा माणूस कोण होता याचाच वाचताना विसर पडतो. सोबतच्या पत्रात तू हॉलिवूडच्या सेन्सॉरपूर्व गुन्हेगारीपटांचा दाखला दिला आहेस. त्यांना सगळे दाखवण्याची मुभा होती, असे तू लिहितोस. या समजुतीमुळेच तुझा प्रसंग बिघडला आहे, असे मला वाटते.

१९३१ सालचा, विल्यम वेलमनने दिग्दर्शित केलेला ‘द पब्लिक एनिमी’ पुन्हा पाहा. पडद्यावर काय दाखवायचे नाही हे ठरवणारी हॉलिवूडची निर्मितीसंहिता १९३० मध्येच स्वीकारली गेली होती, पण १९३४ च्या मध्यापर्यंत तिची कडक अंमलबजावणी झाली नाही. त्या सवलतीत वेलमनने जेम्स कॅग्नीच्या टॉम पॉवर्सला, म्हणजे चोरट्या दारूच्या धंद्यातल्या एका निर्ढावलेल्या तरुणाला, कथेच्या केंद्रस्थानी ठेवले आणि न्याहारीच्या टेबलावर ग्रेपफ्रूटची अर्धी फोड प्रेयसीच्या तोंडावर घासताना त्याला उघडउघड दाखवले. खून मात्र त्याने बहुतेक वेळा चौकटीबाहेर ठेवले. राज्याराज्यांची सेन्सॉर मंडळे तेव्हाही कात्री घेऊन बसलेली होती, हे खरे. पण वेलमनने त्या अडचणीतून जे घडवले, ते निव्वळ भीतीपोटी घडत नाही.

पटी नोजचा प्रसंग घे. लहानपणी टॉम आणि त्याचा जिवलग मित्र मॅट यांना चोरीची वाट दाखवून ऐन वेळी दगा देणारा हा माणूस आता जिवाच्या भीतीने पियानोपाशी बसून त्यांच्या बालपणीचे जुने गाणे वाजवू लागतो. टॉम त्याच्या मागे उभा राहून पिस्तूल काढतो आणि नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा दोघांना सोडून दाराजवळ उभ्या असलेल्या मॅटकडे वळतो. गोळीचा आवाज येतो, गाणे मध्येच तुटते, पियानोच्या पट्ट्यांवर काहीतरी कोसळते, आणि आपल्याला दिसतो तो फक्त मॅटचा चेहरा. (तो एडवर्ड वुड्सचा चेहरा आहे, टॉमची भूमिका आधी त्यालाच दिली होती, चित्रीकरण सुरू झाल्यावर दोघांची अदलाबदल झाली.) मग टॉम चौकटीत परत येतो आणि मैत्रिणीला फोन करण्याविषयी सहज बोलतो. त्या सहजपणाने अंगावर काटा येतो. बोलपट तेव्हा अगदी नवे होते, तरी डोळ्यांनी पाहायचे ते कानांवर सोपवण्याचे धाडस वेलमनने केले.

पुढे प्रतिस्पर्धी टोळी मॅटला मारते आणि टॉम पावसात सूड घ्यायला त्यांच्या अड्ड्यावर जातो, तेव्हाही कॅमेरा टॉमबरोबर आत जात नाही. रस्त्यावर थांबून तो गोळीबार ऐकतो आणि जखमी टॉम झोकांड्या खात बाहेर येण्याची वाट पाहतो. शेवटी आई माडीवर त्याचे अंथरूण घालत असताना भाऊ दार उघडतो आणि दोरांनी करकचून बांधलेले टॉमचे प्रेत तोंडावर आत पडते. इथे मात्र वेलमन नजर वळवत नाही, कारण हा घाव घरातल्या माणसांवरचा आहे.

तुझ्या प्रसंगात तो घाव कोणावर पडतो? माझ्या मते शेजारच्या खोलीत गृहपाठ करणाऱ्या धाकट्या बहिणीवर, आणि तिला तू दोनच ओळी दिल्या आहेस. ते पान तिच्या खोलीतून नव्याने लिही. तिला काय ऐकू येते, पेन्सिल कोणत्या आवाजाला थांबते आणि दार उघडायला तिला किती वेळ लागतो, एवढेच लिहून मला पाठव. चाकूचा उल्लेखही नको.

तुझा,
सर